पाचवीला पुजलेली

आईची नखं लाल असायची.
खडकी बाजारात बायका म्हणायच्या,
नारिंगेबाईंना या वयात नेलपॉलिश सुचतंय.
तो गोळीच्या टोकाचा रंग होता.
ट्रेसरच्या शेडमध्ये सव्वीस वर्षं.
पायात रबरी सपाता, अंगावर धातूचा कण नाही,
मंगळसूत्र गेटावरच्या खणात,
बिल्ला नंबर एकशे बारा,
संध्याकाळी परत गळ्यात.

सव्वीस वर्षं टोकं रंगवली
आणि एकही जळताना पाहिली नाही.
विचारलं की म्हणायची,
नैवेद्य करणारीनं चाखायचा नसतो.

मी एनसीसीत गेले. हातात पॉइंट टू टू आली.
खेंगरे उस्ताद मागून सांगायचे,
श्वास अर्धा सोड, थांब, आता दाब.
माझी गोळी कुठं जाते ते मला कधी कळलं नाही.
शिट्टी झाली की कागदाकडे पळायचं
आणि दुसरीच्या कागदावर माझं भोक सापडायचं.
म्हणून विचारलं,
उस्ताद, हिच्यात ट्रेसर मिळते का?

ते इतके हसले की टोपी काढावी लागली.
एवढीशी रायफल, आणि तिला दिवटी हवी!
मग जरा वेळानं, दोरीवर फडकं वाळत घालता घालता,
जळत जाते ना ती, हलकी होते.
शेवटी बाकीच्यांच्या वाटेनं राहत नाही.
आणि पोरी, तू कुठं मारतेस ते दिसतं,
तू कुठून मारतेस तेही दिसतं.

तरी मी लष्करात होर्मझकाकांच्या दुकानात गेले.
त्यांनी शिडी लावली, वरच्या फळीवरून
एक खोकं काढलं, विलायती, बोटभर धूळ.
बापाच्या वेळचं, म्हणाले.
आत गोळी नव्हती.
झाकणाच्या आतल्या बाजूला शाईनं
कुणाची तरी उधारी लिहिलेली, नऊ रुपये बारा आणे.
तुला कोण देणार आहे, डिकरा,
आणि दिली तर मार्चमध्ये टेकडी पेटवशील.

घरी आई मेथी निवडत होती.
दर पाचवी असते ना गं पट्ट्यात, म्हणाली,
चार काळोखातल्या आणि पाचवी आमची.
आमच्या पाचवीलाच पुजलेली,
आणि दर्शन नाही.

ती निवृत्त झाली त्या जानेवारीत
मी तिला दिघीला नेलं, शाहीनच्या गच्चीवर.
तिकडे रात्रीचा सराव असतो, शाहीनला आवाजाची सवय,
तिचं बाळही उठत नाही.
शाल, थर्मास, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या.
अकरा वाजून गेले. आई पेंगायला लागली.

आणि मग लांबवर
कुणीतरी काळ्या कापडातून लाल दोरा ओढला.
आवाज मागून आला.
पुन्हा. पुन्हा.
आई उठून कठड्याशी गेली,
ओठ हलत होते. ती मधल्या चार मोजत होती.
एक कशाला तरी लागून उसळली, आभाळात चढली,
चढता चढता विझली.
ती फुकट गेली, आई म्हणाली.
मी म्हटलं, तुझ्या हातची असेल एखादी.
छे, हा लॉट नवा. आमचा इतका भडक नव्हता,
असं अगदी दुकानात साडी परत करावी तसं म्हणाली,
आणि अंगठ्याचं नख पदराला पुसलं.
नखं तेव्हा स्वच्छच होती.

थोड्या वेळानं विचारलं,
समोर कोण असतं?

मातीचा ढीग असतो, आई.

ती बघत राहिली.
एक लाल रेघ गेली, दुसरी गेली.
नेहमी?

मी थर्मासचं झाकण लावत होते.
अंधारात त्याचे आटे बसेनात.